जखम भरली, तरी समुद्र लांबच

पुढच्या परावरची (वल्ह्यासारख्या पायावरची) जाळ्याची जखम भरून आली, तरी आमच्याकडे उपचारांसाठी असलेली ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी पाण्यावर तिरकीच तरंगत होती. कवचाची डावी कड वर, उजवी पाण्यात. बुडी मारायला जाई आणि बुचासारखी पुन्हा वर येई. असं कासव समुद्रात सोडलं तर त्याला खाली जाऊन खाता येत नाही, शिवाय बोटीची धडक बसायची भीती. असं तरंगण्यामागे कारणं वेगवेगळी असतात: फुफ्फुस फाटून हवा शरीरात साठते, आतड्यात वायू धरतो, कधी न्यूमोनिया असतो. म्हणून आधी एक्स-रे. हिच्या आतड्यात वायू होता. औषधं सुरू झाली, टाकीतलं पाणी आम्ही टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं. ज्या दिवशी ती सरळ तळाशी जाऊन निवांत पडून राहिली, त्या दिवशी फार बरं वाटलं.

त्यानंतरचा भाग मला सगळ्यात अवघड गेला. हातून मासा भरवणं बंद. बोलणं, कवचावर हात ठेवणंही बंद. माणूस दिसला की खायला मिळतं, हे तिच्या डोक्यात बसायला नको, म्हणून आडोशामागून आणि वेळा बदलून खाणं टाकायचो. मग जिवंत खेकडे सोडले. सुरुवातीला खेकडा कोपऱ्यात पळायचा आणि ही नुसती बघत राहायची. पुढे पुढे मान खाली घालून, पर आवळून ती त्याच्या मागे लागायची आणि चोचीत कवच कडकन फुटल्याचा आवाज यायचा.

वजन आणि रक्ताचे रिपोर्ट समाधानकारक आले, तिला समुद्रात सोडायची परवानगीही मिळाली. प्रवासात कासवाला पाण्यात ठेवत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ते हवेतच श्वास घेतं. गादीवर पोटावर ठेवायचं, कवचावर ओला टॉवेल, डोळ्यांना जेल, नाकपुड्या मोकळ्या. उलटं तर मुळीच नाही, आतल्या अवयवांचा भार फुफ्फुसांवर पडतो.

कवचावर चिकटवलेला सॅटेलाइट टॅग ती श्वास घ्यायला वर आली की सिग्नल देतो. तो कधीतरी गळून पडेल. त्वचेखालची, ओळख पटवणारी मायक्रोचिप मात्र राहते, पण ती वाचायला स्कॅनर अगदी जवळ न्यावा लागतो. ही मादी असल्याने अंडी घालायला किनाऱ्यावर येईल, तेव्हा ते जमू शकतं. नर बहुधा किनाऱ्यावर येतच नाहीत.