कठडा धरावा लागतो का?

"सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागतो का गं?"

आज पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या चढावर नडगी चोळत बसले होते, तेव्हा रोज भेटणाऱ्या काकांनी एवढंच विचारलं. साठी कधीच उलटलेले, पण पळणं चुकत नाही. मी त्यांना आकडे सांगत होते. आठवड्याचं पळणं तीन आठवड्यांत 35 वरून 50 किलोमीटर, जानेवारीत मुंबईला पूर्ण मॅरेथॉन, 42.195. आकड्यांबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत.

हो, धरावा लागतो. दोन आठवडे झाले. तिसऱ्या मजल्यावरून उतरताना एकाच पायरीवर आधी उजवा, मग डावा पाय टेकवते. आणि तरीही रविवारी घड्याळात 50 दिसले की जीव सुखावायचा.

धाप लागणं लवकर कमी होतं, म्हणून वाटतं शरीर तयार झालं. नडगीचं हाड, टाचेमागचा स्नायुबंध (टेंडन) यांना मात्र बळकट व्हायला खूप जास्त वेळ लागतो. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा ठोकताळा मला तोंडपाठ होता. ग्रुपवर कुणी 70 चा स्क्रीनशॉट टाकला की सगळं विसरायचे.

पुढचा आठवडा 25 चा, तोही दुखणं कमी झालं तरच. नाहीतर सरळ डॉक्टर. रविवारचा सिंहगड रद्द केला, त्याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू!

तुम्ही तुमचा आकडा कसा ठरवलात? आणि सकाळी जिना कसा उतरता?