घसारा संपलेलं मशीन

कॉस्टिंगच्या, म्हणजे माल बनवायला किती खर्च येतो याचा हिशोब मांडायच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे एखादी कंपनी काळाबरोबर बदलली नाही आणि लोक मालकाचा हट्ट, दूरदृष्टीचा अभाव वगैरे बोलायला लागले की मला राहवत नाही. हट्टी मालक पाहिलेत, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा नव्या मालाचा गळा घोटते ती आमच्या खात्यातून गेलेली कॉस्ट शीट, म्हणजे खर्च आणि नफ्याचा तक्ता.

जुना माल ज्या मशीनवर निघतो, त्याचा घसारा, म्हणजे मशीनच्या किमतीचा दरवर्षी खर्चात धरायचा हिस्सा, कधीच संपलेला असतो. कर्ज फिटलेलं, कामगारांचा हात बसलेला, रिजेक्शन, म्हणजे खराब निघून बाद होणारा माल, नगण्य. शंभराच्या विक्रीमागे समजा तीस सुटतात. शेजारच्या रकान्यात नवा माल. त्याच्या बोकांडी नव्या मशीनचा पूर्ण घसारा, व्याज, पहिल्या लॉटमधलं भरमसाट रिजेक्शन, शिवाय ओव्हरहेडचा, म्हणजे कारखान्याच्या सामायिक खर्चाचा वाटा. शंभरामागे चार उरले तरी नशीब. मीटिंगमध्ये हे दोन रकाने शेजारी दिसले की निकाल लागलाच. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कोण लागणार?

कॅमेऱ्याची फिल्म विकणाऱ्या कोडॅकचंच घ्या. त्यांच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने 1975 मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला होता आणि 2012 च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, यावर सगळे हसतात. पण फिल्मच्या धंद्यात कॅमेरा विकल्यावरच खरी कमाई सुरू व्हायची: रोल, रसायनं, प्रिंटचा कागद, पुन्हा रोल. डिजिटलमध्ये कॅमेरा एकदा विकला की ही साखळीच संपली. तो कागद माझ्या टेबलावर आला असता तर आकडे फिल्मच्याच बाजूने बोलले असते.

फुजीफिल्मकडेही तोच धंदा होता. फिल्मची मागणी 2000 च्या सुमारास शिखरावर जाऊन कोसळली, तेव्हा कंपनीचे प्रमुख शिगेताका कोमोरी यांच्या काळात कंपनीने आपल्याला फिल्मखेरीज काय येतं याचा हिशोब मांडला. कोलाजेन हाताळता येतं, रंग उडू नये म्हणून ऑक्सिडेशन रोखता येतं, अतिपातळ थर एकसारखे चढवता येतात. त्यातून सौंदर्यप्रसाधनं आली, एलसीडी पडद्यांसाठी लागणाऱ्या फिल्म्सचा धंदा वाढला. ही गोष्ट रंगवून सांगणारे एक मात्र गाळतात: त्याच काळात हजारो लोकांच्या नोकऱ्याही गेल्या.

मला सगळ्यात जवळची वाटते ती इंटेलची हकीकत. कंपनी मेमरी चिपवर उभी राहिलेली, जपानी कंपन्यांनी भाव पाडले आणि 1985 मध्ये इंटेल डीरॅम या मेमरी चिपच्या धंद्यातून बाहेर पडली. तेव्हाचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी सीईओ गॉर्डन मूर यांना विचारलं होतं, आपल्याला काढून नवा सीईओ आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, मेमरी बंद करेल. हा संवाद सगळ्यांना पाठ असतो. पण कारखान्यात तोवर काय झालं होतं? कोणत्या चिपला किती उत्पादनक्षमता द्यायची, हे तिथे दर वेफरमागे, म्हणजे चिप ज्यावर बनतात त्या सिलिकॉनच्या चकतीमागे, किती मार्जिन सुटतं यावर ठरायचं. त्या नियमाने मायक्रोप्रोसेसरला, म्हणजे नव्या मालाला, जास्त जास्त वेफर मिळत गेले आणि साहेबांचा निर्णय होईपर्यंत मेमरीचा वाटा आधीच किरकोळ उरला होता. म्हणजे इथे कॉस्टिंगनेच वाट काढून दिली! फरक इतकाच की जुना आणि नवा माल एकाच अपुऱ्या क्षमतेसाठी भांडत होते, आणि हिशोबात धरलेले भाव त्या त्या वेळच्या बाजारातले होते.

म्हणून मी हल्ली शीटवर तिसरा रकाना काढतो: काहीच केलं नाही तर तीन वर्षांनी जुन्या मालात किती सुटेल. तो भरताना सगळ्यात जास्त वाद विक्री विभागाशी होतो. भाव पडणार हे तोंडी सगळे मान्य करतात, पण किती ते लिहून द्यायला कोणी तयार नसतं, कारण लिहिलं की बजेटला कात्री लागते. मग मी गेल्या काही तिमाह्यांतल्या हातच्या गेलेल्या ऑर्डरी मागतो, त्या कुणी आणि कितीला नेल्या यासकट. ती यादी मात्र त्यांच्याकडे तयारच असते.