ते गाणे यादीतून काढले

आज चार वर्षे दोन महिन्यांनी मी रॅप करायला पुन्हा माइकसमोर उभा राहिलो. मिनिटाला ९० ठोक्यांचा, अगदी साधा बीट मुद्दाम निवडला होता; या गतीला एक बार, म्हणजे चार ठोके, अडीच सेकंदांहून किंचित जास्त चालतो आणि सोळा बारांचे कडवे पाऊण मिनिटाच्या आतच संपते. पूर्वी चार बार मी सहज एका श्वासात म्हणत असे. आज तिसऱ्या बारच्या अखेरीसच दम संपला आणि शेवटचा शब्द हवेत विरला. रेकॉर्डिंग करणाऱ्या मित्राने तुकड्यातुकड्यांत म्हणून नंतर जोडून घेऊ, असे सुचवले. त्यात अप्रामाणिकपणा काही नाही, अनेक जण तसेच करतात. पण आज मला माझा दम किती उरला आहे तेच पाहायचे होते, म्हणून मी नको म्हटले. दम महिनाभराच्या सरावाने परत येईल. खरी अडचण वहीत आहे.

मी का थांबलो, हे निदान इथे तरी खरे लिहिले पाहिजे. विवेक जागा झाला म्हणून थांबलो, असे सांगणे मला शोभून दिसले असते, परंतु ते खोटे आहे. गाजलेल्या गाण्यानंतरची दोन गाणी कोणी ऐकली नाहीत आणि मी रुसून घरी बसलो, इतकेच ते होते. ते गाजलेले गाणे एका बॅटलमधून, म्हणजे दोन रॅपरांच्या समोरासमोरच्या शाब्दिक सामन्यातून, जन्मले होते. समोरचा मुलगा बोलताना अडखळत असे, मात्र रॅप करताना त्याची जीभ एकदाही अडत नसे. आणि मी नेमके त्याच्या बोलण्यातले अडखळणे उचलून, अक्षरे तोडून, ठेक्यावर बसवले. सभागृह अक्षरशः उसळले. पुढे तेच तुटक बोल मी गाण्याच्या हूकमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळींत, घातले आणि ते लोकांच्या तोंडी बसले. तो मुलगा त्यानंतर बॅटलला आला नाही. मी घरी बसल्यावर दुसऱ्या वर्षी, काही शाळकरी मुले एका मुलाला घेरून माझाच हूक टाळ्यांच्या तालावर म्हणत असलेली मी पाहिली. त्यांचा ठेका अचूक होता, हे मला आधी जाणवले, आणि लाज त्यानंतर वाटली. हा क्रमही लिहून ठेवतो.

यापुढे कोणाला तुच्छ लेखून लिहायचे नाही, हे तेव्हा ठरवले. ठरवणे सोपे होते. लिहायला बसलो तेव्हा कळले की तुच्छता हा माझ्या लेखनाचा विषय नव्हता, ते त्याचे इंजिन होते. पंचलाइनची रचनाच अशी असते की पहिल्या बारमध्ये ऐकणाऱ्याला एका दिशेने न्यायचे आणि दुसऱ्याच्या अखेरीस, यमकाच्या शब्दावर, फटका हाणायचा; आणि समोर कोणीतरी असले की फटका कुठे पडणार हा प्रश्नच उरत नाही. लक्ष्य काढून घेतल्यावर माझी सारी कडवी सुविचारांसारखी दिसू लागली. मेहनत करा, आईवडिलांना विसरू नका, अशा ओळी मी दीड वही भरून लिहिल्या आणि त्या वाचताना मलाच जांभई आली. शिवाय आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे ‘करतो’, ‘धरतो’, ‘मरतो’ असे यमक न शोधताच हाती लागते. शिवी असली की हा आळस झाकला जातो, उपदेशात तो उघडा पडतो. आता वाक्य उलटवून नामावर संपवण्याचा प्रयत्न करतो आहे. तो संथ आहे, पण ओळीला वजन येते.

परतून आलेल्या अमेरिकन रॅपरांचे दाखले मी मधल्या काळात पुष्कळ चाळले. मेसने १९९९ मध्ये ऐन भरात रॅप सोडून धर्मोपदेशकाचा मार्ग धरला आणि २००४ मध्ये तो नव्या अल्बमसह परतला. एमिनेमचे २००४ नंतरचे मौन व्यसनाशी जोडलेले होते. २००९ मध्ये तो परतला आणि पुढच्याच वर्षीच्या अल्बममध्ये त्याने आदल्या वर्षीच्या स्वतःच्याच कामाला नाक मुरडले. हे मला फार आवडले होते, कारण फटका तोच, फक्त रोख स्वतःकडे वळलेला. मीही काही दिवस तसेच लिहिले. पण स्वतःला झोडपणाऱ्या माझ्या ओळींतही तोच जुना सूर होता, आणि त्यात टाळ्यांची अपेक्षा तर अधिकच होती. केंड्रिक लामार २०१७ नंतर थेट २०२२ मध्ये नवा स्टुडिओ अल्बम घेऊन आला, तेव्हा स्वतःकडे पाहण्याची त्याची रीत वेगळी वाटली. त्याने स्वतःला निर्दोष ठरवले नाही आणि दोषांचे प्रदर्शनही मांडले नाही. अर्थात, मी तो नव्हे.

आज म्हटलेल्या सोळा बारांत बॅटलमधल्या त्या मुलाचा उल्लेख नाही. पहिल्या खर्ड्यात होता. त्याची क्षमा मागणारे आठ बार मी लिहिले होते आणि ते चांगले जमलेही होते, मित्राला ऐकवले तेव्हा तो म्हणाला, “हे गाजेल बघ.” त्याच क्षणी मी ते पान फाडले. त्याच्या अडखळण्यावर मी एकदा कमावले आहे. क्षमा मागणारे पत्र मी त्याला मागच्या वर्षीच पाठवले; उत्तर आलेले नाही, आणि ते द्यायला तो बांधील नाही.

संध्याकाळी पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमाची यादी करायला बसलो. जुने गाणे घ्यायचे, पण हूकच्या जागी मी गप्प राहायचे, असा माझा विचार होता. मित्राने एकच प्रश्न विचारला: “तू गप्प राहिलास तरी लोक म्हणतीलच ना?” म्हणतील. हूकच्या आठ बारांत बीट वाजत राहील, समोरचे सगळे मिळून एका मुलाची नक्कल करतील, आणि मी हात बांधून सोवळेपणाने उभा असेन. ते गाणे यादीतून काढले. त्याच्याशिवाय मानधन निम्मे होईल, असे आयोजकांनी रात्री कळवले. मी होकार पाठवला आणि पुन्हा श्वासाचा सराव करायला बसलो. आज साडेतीन बारांपर्यंत पोहोचलो.