टू-स्ट्रोक स्कूटर पळवायचीय? आधी स्क्विश मोजा
बरेच जण मोठा कार्ब्युरेटर लावतात, सायलेन्सर बदलतात आणि मग गाडी खालून ओढतच नाही म्हणून वैतागतात. माझं म्हणणं, सुरुवात स्क्विशपासून करा, म्हणजे पिस्टन पार वर असताना त्याची कड आणि सिलिंडर हेड यांत उरणाऱ्या फटीपासून. सोल्डरची तार प्लगच्या भोकातून पिस्टन पिनच्या रेषेत पार सिलिंडरच्या भिंतीपर्यंत सरकवायची, फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन टॉपवरून न्यायचा आणि चेपलेलं टोक व्हर्नियरने मोजायचं, साधारण १ ते १.५ मिमी मिळालं तर बरं, फार जास्त असेल तर नुसतं कॉम्प्रेशन जात नाही, कडेचं मिक्श्चर नीट जळतही नाही.

एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरमधलं धूर बाहेर जायचं भोक) वर घासला की वरच्या आरपीएमला ताकद येते, पण खालची जाते, म्हणून थोडं थोडंच घासा, घासलेलं परत भरता येत नाही. एक्सपान्शन चेंबरची (टू-स्ट्रोकच्या फुगीर एक्झॉस्ट पाइपची) तर मला फार गंमत वाटते! बाहेर निघालेलं ताजं मिक्श्चर परतणारी प्रेशरची लाट पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. जर्मन इंजिनिअर वॉल्टर काडेनने तिथल्याच एमझेड कंपनीच्या रेसिंग बाईक्सवर १९५० च्या दशकात हेच मुरवलं.

जेटिंग (कार्ब्युरेटरमधून पेट्रोल सोडणारे जेट निवडणं) मात्र कायम मोठ्या मेन जेटपासून खाली. फुल थ्रॉटलवर मोकळ्या ट्रॅकवर पळवून तिथेच क्लच दाबून इंजिन बंद, प्लग काढून बघायचा. पोर्सेलिन खालपर्यंत पांढरंफटक असेल तर लगेच मोठा जेट घाला, लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालवली की पिस्टन तापून फुगतो आणि जाम होतो. इग्निशन टायमिंगला (ठिणगी पडायच्या वेळेला) हात त्यानंतरच.