शंभर वर्षांच्या दुनळीत कोणतं काडतूस?

पेनसिल्व्हेनियात आमच्या नेमबाजीच्या मैदानावर मी जुनी दुनळी उघडली की कुणीतरी विचारतंच, आणि साताऱ्याचा मावसभाऊही फोनवर तेच विचारतो: ‘एवढ्या जुन्या बंदुकीत घरी भरलेली काडतुसं घालायला भीती नाही वाटत?’ वाटते. म्हणून तर घरी भरतो.

माझी बंदूक इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची, 12 बोअरची. तिथलं प्रूफ हाऊस 1813 पासून नळ्यांची परीक्षा घेतंय. नळ्या लाकडापासून सोडवून उलट्या केल्या की पोटाशी बारीक खुणा दिसतात. माझ्या नळ्यांवर ‘एनपी’ आहे, म्हणजे धूरविरहित दारूची परीक्षा झालेली. पण ती त्या दिवशीची. नंतर कुणी नळी आतून घासली असेल, गंजाने खड्डे पडले असतील, तर ती खूण आज काय सांगणार? म्हणून जुन्या बंदुका जाणणाऱ्या कारागिराकडून आधी नळीच्या भिंतीची जाडी मोजून घेतली. काडतुसाचा विचार त्यानंतर.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘हलकं काडतूस’ या शब्दाने. छर्रे कमी, खांद्याला धक्का कमी, म्हणजे दाबही कमी, असं वाटतं. तसं नसतं. धक्का ठरतो छर्र्यांच्या वजनावर आणि वेगावर; नळीतला दाब किती चढेल हे मुख्यतः दारू किती झपाट्याने जळते त्यावर. झटकन जळणारी दारू कमी छर्र्यांनाही मोठा दाब देऊ शकते, सावकाश जळणारी जास्त छर्रे कमी दाबात ढकलते. खांद्याला हे कळत नाही. अमेरिकेत 12 बोअरच्या पावणेतीन इंची काडतुसाची दाबाची मर्यादा 11,500 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. मी दारूच्या कंपनीने छापलेल्या तक्त्यातलं, 7000 च्या आतलं मिश्रण घेतो आणि त्यातली टोपी (दारू पेटवणारी), वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधला बूच), कवच, काहीही बदलत नाही. नुसती टोपी बदलली तरी दाब बदलतो.

लांबीचंही तसंच. माझं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, अडीच इंची. पावणेतीन इंची काडतूस त्यात बिनबोभाट बसतं, कारण ती लांबी उघडलेल्या कवचाची असते. बार उडाला की दुमडलेलं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अडते आणि दाब वाढतो.

दाब फार उतरवणंही बरं नाही. एका जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, माझा बार फुसका निघाला. नुसतं फुस्स. बंदूक उघडली तर अर्धवट जळालेल्या दारूचे कण तळहातावर सांडले. नळीतून आकाश दिसेना. मधोमध वॅड अडकलेला. मागे दुसरा बार टाकला असता तर नळी फुटली असती. तेव्हापासून ते मिश्रण बंद, आणि आवाज जरा वेगळा आला तरी आधी नळीतून आरपार बघतो.

मावसभावाला मात्र मी काडतुसं भरायला सांगत नाही. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे त्याला वेगळा परवाना लागतो. त्याच्याकडून आजोबांच्या दुनळीच्या नळ्यांच्या पोटाचा फोटो मागवला. गंजातून ‘नॉट फॉर बॉल’ (एकसंध गोळीसाठी नाही) एवढी अक्षरं वाचता आली, ‘एनपी’ कुठेच नाही. म्हणजे जुन्या, धूर करणाऱ्या काळ्या दारूच्या जमान्यातली परीक्षा, धूरविरहित दारूची नाही. त्याला सांगितलं, खडकीच्या कारखान्यातलं नवं काडतूसही हिच्यात घालू नकोस. तेलाचा हात फिरव आणि कपाटात ठेव.