बैलगाडीच्या आसापासून बुलेटच्या ॲक्सलपर्यंत : आमची वाटचाल

वडिलांनी सांगलीत माधवनगर रस्त्याला जुना लेथ टाकला, तेव्हा कामं दोनच प्रकारची यायची. गुऱ्हाळाच्या चरकाचे रोलर आणि ऊसगाड्यांचे आस. गळीत हंगाम लागला की रात्री अकरापर्यंत गाडीवान दारात बसून असायचे. बैलगाडीचा आस नुसतं ओझं पेलतो, चाकं त्याच्यावर आपापली फिरतात, म्हणून गाडी कुठंही वळते; ओढायचं काम बैलांचं. हे मी तिथंच शिकलो. आसानं ओझंही पेलायचं आणि चाकाला जोरही पोचवायचा, हे काम निराळं आहे. ते अंगवळणी पडायला आमची बरीच वर्षं गेली.

2006 साली वर्कशॉप माझ्याकडे आलं. चरकाची कामं कमी झाली होती. शेजारच्या एका दिव्यांग मुलाच्या स्कूटरला साईड व्हील लावून दिली आणि त्यावरून तशी गिऱ्हाईकं येऊ लागली. साईड व्हील स्वस्तात होतात, पण त्यांची एक खोड आहे. जोर मधल्या मूळ चाकालाच असतो. रस्ता खाचखळग्यांचा असला की बाजूची दोन चाकं उंचवट्यावर बसतात आणि मधलं चाक खड्ड्यावर अधांतरी गरगर फिरतं. गाडी जागची हलत नाही आणि बसलेल्या माणसाला उतरून ढकलता येत नाही. अशा दोनतीन तक्रारी ऐकल्यावर मी ठरवलं, की मागं दोनच चाकं ठेवायची आणि जोर त्यांनाच द्यायचा.

कागदाचं आधी सांगतो, कारण आम्ही गिऱ्हाईकालाही ते आधीच सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनाला येईल तसा बदल करू देत नाही. दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी बदललेल्या गाडीला मात्र कायद्यात जागा आहे. 2019 च्या दुरुस्तीत तिला ‘अडॅप्टेड व्हेईकल’ असं नाव मिळालं. परवानगीचे कागद घेऊन आरटीओतून आल्याशिवाय आम्ही गॅसकटर पेटवत नाही.

साताऱ्याहून आबा आले ते जुनी बुलेट टेम्पोत घालूनच. साडेतीनशेची, लोखंडी इंजिनाची. लहानपणी पोलिओनं एक पाय गेलेला, घर यवतेश्वरच्या वरच्या अंगाला. वडिलांची गाडी विकायची नाही, तिलाच तीनचाकी करा, एवढंच मागणं. मी म्हटलं, तुम्हाला रिव्हर्स लागणार, रिक्षाचं इंजिन घ्या. तिच्या गिअरबॉक्समध्येच डिफरन्शियलही आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोर देऊन वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी दातेरी चक्रं. आबा हलले नाहीत. “मागं घ्यायला घरात माणसं हाईत. गाडी हीच पायजे.”

मग ॲक्सलचा शोध सुरू झाला. सरळ एकच शाफ्ट टाकून दोन्ही चाकं त्याला पक्की केली, तर वळणावर गाडी पुढच्या चाकाचं ऐकतच नाही. आमच्या दोन चाकांत 110 सेंटीमीटर अंतर होतं. गाडीनं एक पूर्ण गोल घेतला, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ 7 मीटर जास्त चालतं, गोल लहान असो वा मोठा. दोन्ही चाकं एकाच शाफ्टला बांधलेली असली की हा फरक टायरला घासून भरून काढावा लागतो, नाहीतर गाडी सरळ निघते. एकाच चाकाला जोर दिला तर गाडी थ्रॉटल पिळला की एका अंगाला ओढते. म्हणजे डिफरन्शियल घेणं आलं.

ई-रिक्षाचा ॲक्सल घ्या, असं आजही दर दुसरा माणूस सुचवतो. स्वस्त असतो, ड्रमब्रेकसकट मिळतो, डिफरन्शियल आतच. आम्हीही एक आणून खोलला. आतलं रिडक्शन (मोटरचे किती फेरे झाले की चाकाचा एक होतो, ते प्रमाण) दहाच्या आसपास निघालं, कारण तिथं जोरात फिरणारी मोटर गाडीला ताशी 25 किलोमीटरपर्यंतच नेणार असते. बुलेटमध्ये इंजिनापासून क्लचपर्यंत एकदा वेग कमी झालेलाच असतो. त्याच्यापुढे हा ॲक्सल लावला तर 3,000 आरपीएमला (मिनिटाला फेरे) टॉप गिअरमध्ये गाडी ताशी 12 किलोमीटरनं चालेल. तो ॲक्सल परत केला.

शेवटी कोल्हापूरच्या भंगारातून ओम्नीचा ॲक्सल आणला. मारुती 800 चा जोर पुढच्या चाकांना असतो, तिच्या मागच्या ॲक्सलचा इथं उपयोग नाही. ओम्नीचा जोर मागं. पण तिच्या टेल पिनियनला, म्हणजे ॲक्सलमधल्या लहान दातेरी चाकाला, इंजिनाकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट समोरून येऊन मिळतो आणि बुलेटचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) गाडीच्या चाकांसारखाच आडव्या आसावर फिरतो. म्हणून क्राउन (पिनियननं फिरणारं मोठं दातेरी चाक) आणि पिनियन दोन्ही काढून ठेवले आणि क्राउनच्या बोल्टांच्या जागी केजवर, म्हणजे डिफरन्शियलच्या फिरत्या डब्यावर, चेनचा स्प्रॉकेट बसवला. हाउसिंग मधोमध कापावं लागलं, त्याबरोबर आतलं तेलही गेलं. पहिल्या गाडीचे स्टार पिनियन (केजमधली लहान दातेरी चाकं) कोरडे चालून त्यांच्या पिनेला चरे पडले. आता आम्ही केजला दोन्ही बाजूंनी झाकणं आणि ऑइल सील लावून आत ग्रीस भरतो.

खरा धडा हाफ शाफ्टनं, म्हणजे डिफरन्शियलपासून एकेका चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यानं, दिला. ओम्नीचे शाफ्ट आमच्या मापाला लांब होते. ते कापून, मधे बाही चढवून वेल्ड केले. वेल्ड सुरेख झालं होतं, मीच मारलं होतं. ट्रायलला मिरज रस्त्यावर तिसऱ्या दिवशी डावं चाक शाफ्टच्या तुकड्यासकट बाहेर आलं. वेग कमी होता, गाडी मी चालवत होतो, म्हणून खरचटण्यावर निभावलं. तुकडा बाकावर ठेवून बराच वेळ बघत बसलो. वेल्डच्या कडेला, जिथं लोखंड तापून कडक झालेलं, तिथून तडा सुरू झाला होता. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग काळपट, घासून गुळगुळीत. म्हणजे तो दोन दिवस आतून तुटतच होता. उरलेला निम्मा पांढरा, साखरेसारखा दाणेदार, तो त्या क्षणी तुटलेला. या ॲक्सलला चाक शाफ्टवरच उभं असतं. शाफ्ट गेला की चाक गेलं. त्या दिवसापासून आमच्याकडे शाफ्ट वेल्ड होत नाही. एन-24 या मजबूत पोलादाचा नवा बार, लेथवर माप, कोल्हापूरच्या उद्यमनगरातून स्प्लाईनचे दात (शाफ्टच्या टोकाला अडकायला कापलेल्या खाचा), मग हार्डनिंग. खर्च वाढतो, आणि तो कमी करा म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला मी नाही म्हणतो.

आता गिअरिंग. बुलेटला पुढच्या स्प्रॉकेटला 16 दात, मागच्याला 38. टायरला खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकलली आणि टेपनं मोजलं : बुलेटचं 19 इंची चाक एका फेऱ्यात 2.03 मीटर जातं, आमचं 12 इंची चाक वजनाखाली 1.56 मीटर. म्हणजे स्प्रॉकेट तोच ठेवला तरी नुसत्या चाकानं गिअर 30 टक्के खाली आला. ताशी 60 ला मूळ बुलेटचं इंजिन 2,620 आरपीएमला फिरतं, 38 दातांवर आमचं 3,410 ला. एवढ्या ओरडणाऱ्या इंजिनावर आबांनी रोज बसायचं, हे मला पटेना. पाच सूत पिचचा (दातांमधलं अंतर 5/8 इंच) 33 दातांचा स्प्रॉकेट कापून घेतला. 2,960 ला 60. सांगलीच्या सपाटीवर गाडी लोण्यासारखी पळाली.

गाडी द्यायला साताऱ्याला गेलो. आबा दूध खाली डेअरीला नेतात आणि येताना पेंड आणतात. मी दुधाचे कॅन भरून ब्रेक तपासला, तो चोख निघाला. रिकामी गाडी वर चढवली, तीही चढली. आबा म्हणाले, “दादा, दूध खाली जातंय, पेंड वर येतीय. चढ पेंडीवर बघा.” पेंडीची दोन पोती, आबा आणि वहिनी असे घेऊन यवतेश्वरचा घाट धरला. वजनकाट्यावर गाडी 520 किलो भरली होती. दुसऱ्या गिअरला इंजिन धापा टाकत होतं, पहिल्याला वळणावळणावर क्लच अर्धा धरावा लागत होता. तिसऱ्या वळणाला क्लचप्लेटचा जळका वास आला. मी गाडी थांबवली.

स्प्रॉकेट बोल्टवर असल्यानं बदलायला अर्धा तास पुरला. सोबत मूळचा 38 दातांचा आणला होता, तो आणि लांब चेन चढवली. त्याच वजनावर गाडी दुसऱ्या गिअरला घाट चढून गेली, क्लचला हात न लावता. आबांनी ताशी चाळीसच्या वर गाडी कधी नेलीच नसती. साठचा हिशेब माझा होता, त्यांचा नव्हे. आता नवं गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याच्या घराचा रस्ता विचारतो, जमलं तर जाऊन बघतो, मग दात ठरवतो.

33 दातांचा तो स्प्रॉकेट वर्षभर भिंतीला टांगलेला होता. नंतर मिरजेच्या एका ताईंच्या गाडीला बसला. त्या रोज सांगलीला नोकरीला येतात, रस्ता सगळा सपाट.