तुम्ही विचारलंत म्हणून: राजस्थानच्या वाळवंटात जमीन घ्यावी का?

“हिंगण्याला एका प्लॉटला जेवढे पैसे जातात, तेवढ्यात बिकानेर-जैसलमेरकडे मुरब्बाभर, म्हणजे साडेपंधरा एकर, जमीन येते म्हणतात. घेऊन ठेवायची का?” नागपुरात हा प्रश्न हल्ली बराच ऐकू येतो. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, राजस्थानात ती अट नाही, म्हणून नोकरदार माणसाची नजर तिकडे जाते.

घ्यायला हरकत नाही. पण आपण जमीन विकत घेतोय असं समजून गेलात तर फसाल. वाळूला तिथे किंमत नाही. किंमत आहे पाण्याच्या हक्काला आणि कागदाला, आणि स्वस्तात मिळणाऱ्या जमिनीत बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक गोष्ट नसते.

आधी माप. तिकडे बिघा चालतो आणि बिघे दोन आहेत. पक्का बिघा १६५ बाय १६५ फूट, म्हणजे २७,२२५ चौरस फूट. कच्चा बिघा १७,४२४ चौरस फूट, म्हणजे एकराचे जेमतेम ०.४. पंचवीस पक्के बिघे म्हणजे एक मुरब्बा, साडेपंधरा एकरांच्या किंचित वर. भाव पक्क्याचा ठरला आणि मोजून कच्चा मिळाला, तर छत्तीस टक्के जमीन बोलण्यातच गेली. त्यामुळे व्यवहार हेक्टरातच बोला आणि करारातही हेक्टरच लिहा.

आता पाणी. नागपूरला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जैसलमेरला दोनशेच्या आसपास, तोही कधी दोन झडींत संपतो. जमाबंदीत, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यात, जमिनीचा प्रकार लिहिलेला असतो: नहरी, चाही किंवा बारानी. नहरी म्हणजे कालव्याची, चाही म्हणजे विहिरीची, बारानी म्हणजे देवाच्या भरवशाची. बारानीत बाजरी, मोठ (मटकी), गवार होते आणि चांगल्या वर्षी बरी होते. त्यावर बँकेचा हप्ता मात्र फिटत नाही.

इंदिरा गांधी कालव्याचं काम १९५८ साली सुरू झालं. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून फीडर आणि मुख्य कालवा मिळून ६४९ किलोमीटर. या पट्ट्यात जमिनीला ‘कमांड’ आणि ‘अनकमांड’ असे दोन शब्द लागतात. कमांडला पाण्याची बारी असते: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, बिघ्यामागे ठरलेली मिनिटं. अनकमांड शेत कालव्याला खेटून असलं तरी त्याला थेंबाचाही हक्क नाही. दलाल पाहुण्यांना नेमकं तिथेच उभं करतो, मागे भरलेला कालवा दिसतो, फोटो छान येतो. तुम्ही बारीचा कागद मागा. त्यावर त्या मुरब्ब्याचा नंबर आणि वेळ असली पाहिजे. शिवाय शेत चकाच्या, म्हणजे एकाच मोरीतून पाणी घेणाऱ्या शेतांच्या गटाच्या, शेवटच्या टोकाला असेल, तर कागदावरची मिनिटं आणि बांधावर पोचणारं पाणी यांत फरक पडतो. म्हणून शेतात डिग्गी, म्हणजे प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं, आहे का ते बघा. बारी रात्री आली तरी पाणी साठवता येतं.

कालव्याच्या पट्ट्यात आणखी एक रोग आहे, त्याला तिकडे ‘सेम’ म्हणतात. खाली चिकणमातीचा किंवा जिप्समचा कडक थर असला की वरून दिलेलं पाणी मुरत नाही, ते साचत जातं आणि मीठ घेऊन वर येतं. हनुमानगढकडे अशी कितीतरी शेतं पाणथळ होऊन बसली. ओळख सोपी आहे: पृष्ठभागावर पांढरी पापुद्री, सखल भागात पाणगवत. नुसत्या नजरेवर जाऊ नका, दोन-अडीच मीटरचा खड्डा खणून थर बघा. आपल्याकडे काळी किती हात आहे आणि मुरूम कुठे लागतो ते बघतो, तसंच. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचं मुख्यालय आपल्या अमरावती रोडवरच आहे. तिचे राजस्थानचे मृदा नकाशे गट नंबरपर्यंत उतरत नाहीत, पण तो भाग खारपट आहे की नाही एवढं त्यांतून कळतं.

बोअरचं पाणी असेल तर तोंडात घेऊन ‘गोड आहे’ म्हणणं पुरत नाही. पंप अर्धा तास चालवा, मग लिटरभर पाणी स्वच्छ बाटलीत भरा आणि क्षारता (ईसी), सोडियमचं प्रमाण, उर्वरित कार्बोनेट व फ्लोराइड तपासून घ्या. क्षारता २ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या आत असेल तर निभतं. ४ च्या वर गेली की मोहरी, बाजरी, जव यांच्यापलीकडे फारसं जमत नाही. संत्रं लावायचं मनात असेल तर ते काढून टाका. लिंबूवर्गीय झाडाला मीठ सोसत नाही. श्रीगंगानगरचा किन्नू पिकतो तो कालव्याच्या पाण्यावर. ‘ठिबक करू’ हाही उपाय नव्हे. ठिबकने मीठ ओलाव्याच्या कडेला गोळा होतं, आणि ते धुऊन नेणारा पाऊस तिथे नाही. खोलीही विचारा. अनुदानातला सौर पंप साधारण साडेसात अश्वशक्तीपर्यंत असतो. सातशे-आठशे फुटांवरून तो शेताला पुरेल एवढं पाणी काढत नाही.

फक्त घर बांधून राहायचं असेल तर टांक्याचं, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या हौदाचं, गणित असं: शंभर चौरस मीटर आगोर (पाणी गोळा करणारं अंगण), दोनशे मिलिमीटर पाऊस, निम्मं वाया गेलेलं धरलं तर दहा हजार लिटर. दिवसाला सत्तावीस लिटर. पाच माणसांच्या पिण्या-रांधण्यापुरतं.

कागदांकडे वळू. ‘पटवारी’ (तलाठी) आणि ‘खसरा’ (गट नंबर) हे शब्द नागपूरकराला नवे नाहीत, त्यामुळे तिकडची जमाबंदी पुणेकरापेक्षा आपल्याला लवकर वाचता येते. ती ‘अपना खाता’ या सरकारी संकेतस्थळावर दिसते. त्यात पहिल्यांदा खातेदाराचं नाव आणि जात बघा. राजस्थान काश्तकारी अधिनियम, १९५५ च्या कलम ४२ नुसार अनुसूचित जातीच्या खातेदाराची जमीन त्या वर्गाबाहेरच्या माणसाला विकता येत नाही, जमातीचंही तसंच. असा व्यवहार रद्दबातल ठरतो. ‘गड्याच्या नावावर घेऊ’ असा सल्ला कुणी दिला तर तिथूनच उठा, तो बेनामी व्यवहार होतो.

दुसरं, ‘खातेदार’ आणि ‘गैर खातेदार’ यांतला फरक. कालव्याच्या पट्ट्यातल्या बऱ्याच जमिनी सरकारी वाटपाच्या आहेत, काही हिमाचलातल्या पोंग धरणग्रस्तांना दिलेल्या. हप्ते फिटून खातेदारीची सनद मिळालेली नसेल तर विकणाऱ्याकडे विकायला काहीच नाही. अशा वेळी मुखत्यारपत्र पुढे केलं जातं. मुखत्यारपत्र आणि करारनाम्यावर मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगून ठेवलंय.

तिसरं, जमिनीच्या वर्णनात ‘गोचर’ (गायरान), ‘ओरण’ किंवा ‘गैर मुमकिन नाडी’ (तळ्याची, न कसण्याजोगी जागा) दिसलं तर पुढे वाचू नका. ओरण म्हणजे देवराई. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा देवरायांची नोंद करून त्यांना वन म्हणून संरक्षण देण्याचे निर्देश दिले. ३,१६२ चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क आणि सीमेलगतचा अधिसूचित पट्टा हेही नकाशावर ताडून बघा. सीमेच्या पट्ट्यात बाहेरच्या माणसाला शिरायलाच परवानगी लागते.

चौथं, हिस्सा. जमाबंदीत १/१२ दिसलं तर तुम्ही शेत नाही, भांडण विकत घेताय. आधी तकासमा, म्हणजे वाटणी, करून खसरा वेगळा करून घ्यायला सांगा, मगच इसार. त्यानंतर तहसीलमधून सीमाज्ञान, म्हणजे हद्दीची मोजणी, करून घ्या. वाळूचे धोरे सरकतात, आणि आज दिसणारा सीमेचा दगड पुढच्या आंधीनंतर हातभर खाली असतो. रस्ता ‘कटाणी’, म्हणजे सरकारी नोंदीतला, म्हणून नकाशात आहे का तेही बघा. नुसत्या जीपच्या चाकोरीला रस्ता म्हणत नाहीत.

सोलरच्या आशेने घेणाऱ्यांसाठी एवढंच: एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, आणि कंपनी आधी जवळचं उपकेंद्र बघते, मग जमीन. भडला सोलर पार्क शेजारच्या तहसीलमध्ये आहे म्हणून तुमच्या तुकड्याला भाडं सुरू होत नाही.

पाहायला मे-जूनमध्ये जा. दलाल डिसेंबरात नेतो, तेव्हा हवा आपल्या रामटेकसारखी सुखाची असते. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलंय. आंधीत शेत कुठे उघडं पडतं आणि बोअर उन्हाळ्यात किती वेळ चालतो, हे तेव्हाच दिसतं.

खरेदीनंतर नामांतरण झाल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नका. मग दर हंगामात नागपुरात बसून मोबाईलवर गिरदावरी बघत जा. ती तिकडची पीक पाहणी. बटईने करणाऱ्याचं नाव तुमच्या जागी चढलं असेल तर त्याच हंगामात तहसीलला अर्ज द्या; चार वर्षांनी दिलात तर वकील लावावा लागेल.